शैलाकाकूंच्या हातातली दारू

शिप्रेकाठच्या रामघाटावर त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. धुनीवाले बाबा दारुड्याच्या तळहातांना एका पुरचुंडीतलं भस्म चोळत, वर ओला पिवळा फडका दाबत आणि फडका लालभडक होई.

"देखो, सात साल की शराब निकली!"

मग हात नदीत धुवायला लावून दुसऱ्या पुरचुंडीतलं भस्म. आता नवा फडका पिवळाच राही.

"शुद्ध! अब गोली-वोली शिप्रा मैया को!"

केतकी गर्दीतून पुढे घुसली. माधवनगरच्या सरकारी नशामुक्ती केंद्रात ती समुपदेशक होती. तिथे औषध फुकट मिळे, चमत्कार तेवढा मिळत नसे, म्हणून गर्दी बेताचीच. तिच्याकडे उपचार घेणारा सुमीत नुकताच 'शुद्ध' होऊन गोळ्यांचं पाकीट पाण्यात टाकायला निघाला होता. मागे त्याने गोळ्या अशाच मध्ये सोडल्या आणि आठव्या दिवशी गुत्ता गाठला.

"सुमीत, थांब रे!"

"ताई, सगळी बाहेर आली ना! आता कशाला गोळ्या?"

त्याला इथे आणणाऱ्या त्याच्या आई, शैलाकाकू, हात जोडून उभ्या होत्या. केतकी त्यांच्याकडे वळली. "काकू, हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं?"

"लाल होतो मेला." बोलता बोलता काकू थबकल्या. मग पदर खोचून पुढे झाल्या. "बाबाजी, मेरे हाथ भी देखो."

"माताजी, आपको क्या जरूरत?"

काकूंनी पहिल्या पुरचुंडीतलं भस्म स्वतःच घेतलं, चोळलं, फडका दाबला. लालभडक!

"साठ वर्षांत मी चहासुद्धा कडक घेतला नाही! कौनसी दारू निकली, बाबाजी?"

"पिछले जनम की!"

सगळा घाट खो खो हसला. केतकीने दुसरी पुरचुंडी उघडून चिमूट जिभेवर ठेवली. तांदळाचं पीठ!

"पहिली लाकडाची राख," ती मोठ्याने म्हणाली. "राखेत साबणासारखाच क्षार असतो, त्याने हळद लाल होते. पिठात तो नसतो. घरी करून बघा, कुणाच्या पाया पडावं लागत नाही. व्यसन हा आजार आहे. तो औषधाने आणि घरच्यांच्या साथीने, हळूहळू बरा होतो. विचारा, तपासा, मग माना."

बाबांनी झोळी आवरली. सुमीत ओशाळून उभा होता. त्याने पाकिटातली गोळी काढली, आईच्या बाटलीतल्या पाण्याबरोबर गिळली आणि म्हणाला, "ताई, मंगळवारी केंद्रात येतो."