कुमुदच्या गालावरचं ऊन

मार्गशीर्षातली सकाळ सातपुड्याच्या निळ्या खांद्यावरून हळूहळू उतरते. आधी उजळतात सागाची रुंद पानं, मग नाल्याकाठी रेंगाळलेला धुक्याचा धूसर पदर, आणि मग एकाएकी संत्र्यांची अख्खी बाग पेटते. हिरव्याकाळ्या पर्णराशीत लहान लहान सूर्य, दवानं न्हालेले, देठाला अलगद लोंबणारे.

त्या केशरझळाळीत, मोर्शीजवळच्या एका गावात, गावंड्यांच्या घरी लगीनघाई सुरू झाली होती. धाकट्या शर्वरीचं लग्न फाल्गुनात होतं. शर्वरी तालुक्याच्या शाळेत भूगोल शिकवायची. सावळी, शांत, मेघश्यामल कांतीची. नवरामुलगा श्रीरंग वर्ध्याचा, मोकळ्या हसण्याचा. कार्यालय ठरलं होतं, आचारी ठरला होता, शालूचा रंगही ठरला होता. ठरत नव्हता तो फक्त फोटोग्राफर.

रोज संध्याकाळी शर्वरी मोबाईलवर परक्या लग्नांचे फोटो बघत बसायची. कुठे सगळं मधात बुडवलेलं, नवरी मधाची, मंडप मधाचा, आभाळसुद्धा मधाचं. कुठे सगळ्यावर फिकट धुकं, जणू भर उन्हातलं लग्न कुणी दुधात धुऊन काढलेलं. सुंदर होतं सारं. पण कुठल्याच नवरीला स्वतःची कांती नव्हती.

"तुला जो आवडेल तो ठरव," श्रीरंग फोनवर म्हणायचा. "मी जाडा आहे, जाडाच दिसेन. तेवढं मात्र झाकायला सांगू नकोस, नाहीतर पोरं विचारतील, आईनं पहिलं लग्न कुणाशी केलं होतं?"

ती हसायची. पण तिची नजर भिंतीकडे जायची, आणि हसू अर्ध्यात मावळायचं.

भिंतीवर होतं तिच्या आईचं, कुमुदचं छायाचित्र.

नऊ वर्षांपूर्वी थोरल्या वसुधाचं लग्न झालं, तेव्हाचं ते. त्या लग्नाचा अल्बम कपाटात होता, आणि आता उघडला की सगळे पोट धरून हसायचे. वसुधा आणि जावईबापू कधीही न पाहिलेल्या बर्फाच्या शिखरांपुढे उभे होते. पानापानांवर गुलाबी बदाम तरंगत होते. वऱ्हाडी मंडळींवर जांभळी झाक पसरली होती. तेव्हा ती झाक म्हणजे सौंदर्याची परमावधी वाटली होती. नऊ पावसाळ्यांत ती उतरलेल्या फुलासारखी झाली.

पण कुमुदच्या फोटोला कुणी हसत नव्हतं. त्या फोटोत कुमुदचा चेहरा नितळ होता, एकरंगी, गव्हाळ. आणि खऱ्या कुमुदचा चेहरा तसा नव्हता.

शर्वरी पहिलीत होती तेव्हा आईच्या बोटांच्या टोकांवर पहिलं पांढरेपण उमटलं. मग ते मनगटाशी आलं, मग ओठांच्या कडेला, मग डाव्या गालावर. कोड. संथ तळ्यावर एकेक पाकळी उमलावी तसं, निःशब्द, नकळत, न दुखता. दुखलं ते लोकांच्या नजरांनी. हळदीकुंकवाला कुणी कुंकू लावताना बोट आखडतं घेतलं. कुणी कानाशी लागून विचारलं, "पोरींच्या अंगावर तर नाही ना आलं?"

तेव्हापासून कुमुद फोटोंमधून निघून गेली. सहलीत ती सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बाजूला उभी राहायची. वाढदिवसाला ती स्वयंपाकघरात असायची. शर्वरीच्या साऱ्या बालपणात आईचं असं एकच चित्र होतं: कडेला आलेलं एक कोपर, पदराचा एक काठ, केकवर झुकलेली एक सावली.

म्हणून वसुधाच्या लग्नात स्टुडिओवाल्यानं संगणकावर ते डाग पुसून दिले, तेव्हा कुमुद फोटोकडे कितीतरी वेळ बघत राहिली होती. आणि दुसऱ्याच दिवशी तो चौकटीत बसवून तिनं भिंतीवर लावला होता, देवघराच्या दारासमोर, जाता येता दिसेल असा.

पौषात मायलेकी अमरावतीला गेल्या. इरावती काळमेघ नावाच्या फोटोग्राफरबाईंचं काम शर्वरीला आवडलं होतं. पस्तिशीच्या बाई, केसांत एकच रुपेरी बट, बोलणं नेमकं, हसणं उशिरा येणारं आणि आलं की रेंगाळणारं. त्यांच्या स्टुडिओला उत्तरेकडे मोठी खिडकी होती. तिच्यातून येणारा उजेड झगझगत नव्हता. शांतपणे आत येऊन बसत होता, माहेरी आल्यासारखा.

त्यांनी एक जुना अल्बम पुढे ठेवला. बारा वर्षांपूर्वीचं, कुणा परतवाड्याच्या मुलीचं लग्न. कुमुदनं एकेक पान उलटलं. हळद ओली होती. अक्षता पांढऱ्या होत्या. नवरीच्या मामाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि कपाळावर घाम होता.

"कालचंच वाटते," कुमुद म्हणाली.

"हळद हळदीसारखी दिसली आणि कुंकू कुंकवासारखं, की फोटो जुना होतो, पण शिळा होत नाही," इरावती म्हणाल्या. "मी उजेड थोडा सावरते. बाकी जिथला रंग तिथंच राहू देते."

शर्वरीचं मन तिथंच ठरलं. तीस वर्षांनी, आपण आईच्या वयाच्या होऊ तेव्हाही, या फोटोंत आपण आपल्याच असू. ती तारखेचं बोलणार, एवढ्यात कुमुदनं पदर सावरत हलक्या आवाजात विचारलं,

"बाई, डाग काढून देता का हो तुम्ही?"

खिडकीतला उजेड क्षणभर थबकल्यासारखा झाला.

"आई, नको ना," शर्वरी चटकन बोलून गेली. "तू आहेस तशीच छान आहेस. मला माझ्या लग्नात माझी खरी आई पाहिजे."

कुमुदनं मान वर केली. एरवी तळ्यासारखे स्थिर असणारे तिचे डोळे भरून आले होते.

"खरी म्हणजे?" ती म्हणाली. "तुले काय जाते म्हणायले? चेहरा माझा हाय. लोकांच्या नजरा मी झेलल्या. वीस वर्षं झेलल्या. तुह्या सासरी चार बाया हा अल्बम उघडतीन, तवा त्याइच्या समोर तू राहशीन उभी. तवा सांगशीन का, छान हाय म्हणून?"

प्रेमानं बोललेलं वाक्य प्रेमाच्या माणसालाच टोचलं होतं. आईचं दुःख आपण किती सहज, किती सुंदर करून टाकलं, हे शर्वरीला त्या क्षणी कळलं.

इरावती म्हणाल्या, "काकू, चेहरा तुमचा आहे. तुम्ही म्हणाल तर काढीन, म्हणाल तर ठेवीन. त्यात मी किंवा ही, कुणीच मध्ये पडायचं नाही. पण आज एक फोटो काढू द्या. काही न पुसता. घरी घेऊन जा, बघा, मग सांगा."

कुमुद बराच वेळ पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. मग उठली. खिडकीजवळच्या स्टुलावर बसली, परक्या घरी बसावी तशी, अर्धीच. शर्वरी पुढे झाली आणि आईच्या कपाळावर आलेली केसांची बट तिनं कानामागे नेली. हात मागे घेताना तिची बोटं त्या पांढऱ्या गालावर टेकली. कुमुदचे खांदे थोडे खाली आले, श्वास थोडा खोल गेला.

तेवढ्यात फोटो निघाला.

परतीच्या एसटीत दोघींमध्ये इरावतींनी लगेच छापून दिलेल्या फोटोचा जाड लिफाफा होता. बाहेर तुरीची पिवळी शेतं मागे पळत होती. आईला झोप लागली की ती लागल्याचं दाखवते आहे, हे शर्वरीला कळेना. मोर्शी जवळ आल्यावर ती खिडकीकडे बघतच म्हणाली, "चुकलं माझं, आई. तू म्हणशील तसं."

डोळे न उघडताच कुमुदनं लेकीची शाल तिच्या गुडघ्यांवर ओढून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात संत्र्यांची रास पडली होती. शर्वरीचे वडील, वामनराव, फळं निवडत होते. मोठी एका बाजूला, लहान दुसऱ्या बाजूला. कुमुद लिफाफा घेऊन ओट्यावर येऊन बसली. फोटो बाहेर काढला. बघितला. पालथा घातला. पुन्हा सुलटा केला.

मग ती आत गेली, आणि भिंतीवरची चौकट काढून घेऊन आली.

दोन्ही चेहरे तिनं मांडीवर शेजारी ठेवले. उन्हाची तिरीप दोन्हींवर सारखीच पडली. एक चेहरा नितळ, निर्मळ, निर्वात. दुसऱ्यावर सावली आणि शुभ्रता, गव्हाळ आणि गोरं, पाण्यावर ढगांचं प्रतिबिंब हलावं तसं एकमेकांत मिसळलेलं.

आणि मग तिचं बोट चौकटीच्या काचेवर एका जागी थांबलं.

"आवं, हे कुठं गेलं?"

वामनरावांनी मान वर केली. "काय कुठं गेलं?"

"माहं गोंदण!"

कुमुदच्या हनुवटीवर एक हिरवा ठिपका होता, मोहरीएवढा. ती आठ वर्षांची असताना सालबर्डीच्या यात्रेत तिच्या आईनं तो गोंदवून घेतला होता. सुई टोचली तेव्हा पोर किंचाळू लागली, आणि आईनं तिचं डोकं आपल्या पोटाशी घट्ट धरून ठेवलं होतं. ती आई पुढच्याच वर्षी तापात गेली. तिचा एकही फोटो नव्हता. लुगडं नव्हतं, दागिना नव्हता. होता तो हा एक हिरवा ठिपका.

चौकटीतल्या चेहऱ्यावर तो नव्हता. पुसणाऱ्यानं डागांबरोबर तोही पुसला होता.

"नऊ वर्षं मी हा फोटो पाह्यला," कुमुद हळू म्हणाली. "रोज पाह्यला. पाह्यला म्हणजे काय, डाग नाहीत, येवढंच पाह्यलं. माय नाही, हे नाही पाह्यलं."

वामनराव संत्र्यांची रास सोडून तिच्याजवळ येऊन बसले. आयुष्यभर बायकोला गोड शब्द जपूनच देणारा तो माणूस. त्यांनी चौकट उचलली, न्याहाळली, बाजूला ठेवली.

"मले तं ही बाई कवाच ओळखू आली नाही," ते म्हणाले. "तुले आवडते म्हणून बोललो नाही."

"नऊ वर्षं?"

"मंग? भांडण कोण करन तुह्यासंग?"

कुमुद हसली. आधी ओठांत, मग डोळ्यांत, मग सगळ्या चेहऱ्यानं. आणि हसता हसता तिला रडू आलं. दारात उभी असलेली शर्वरी धावत गेली नाही. ती फक्त आईच्या पायाशी येऊन पायरीवर बसली.

कुमुदनं डोळे पुसले आणि घरच्या कारभारणीच्या आवाजात निकाल दिला. "त्या काळमेघबाईले फोन लाव. म्हणा, तारीख पक्की. माझं काही पुसायचं नाही. पण एखादा फोटो मले नाही आवडला, तं तो लावायचा नाही. आणि हे कोणाच्या म्हणण्यावरून नाही. माझ्या म्हणण्यावरून."

"तुझ्याच म्हणण्यावरून," शर्वरी म्हणाली.

फाल्गुन आला. पळसानं रानोरान ज्वाळा धरल्या, मोहाच्या फुलांनी वाऱ्याला मद चढला, आणि वाजतगाजत, रुसतहसत लग्न पार पडलं. कुमुद त्या दिवशी कुठेच बाजूला उभी राहिली नाही. सुरुवातीला कॅमेरा दिसला की तिचा हात सवयीनं पदराकडे जायचा, अर्ध्या वाटेवर थबकायचा, माघारी यायचा. दुपारपर्यंत तो थबकायचंही विसरला. कन्यादानाच्या वेळी तिनं लेकीच्या हातावर पाण्याची धार धरली, तेव्हा तिची ती शुभ्र बोटं जाईच्या कळ्यांसारखी पाण्यात उजळली, आणि श्रीरंगची आई शेजारणीला म्हणाली, "विहीणबाईंच्या चेहऱ्यावर काय तेज आहे बघा."

चैत्रात इरावतींचा फोन आला. अल्बम छापायला जाणार होता. एकाच फोटोबद्दल त्यांना विचारायचं होतं, म्हणून त्यांनी तो मोबाईलवर पाठवला.

पाठवणीचा क्षण होता तो. कलत्या उन्हात मायलेकी एकमेकींच्या मिठीत, गालाला गाल लावून, डोळे मिटून. लेकीचं काजळ आसवांबरोबर ओघळलं होतं आणि आईच्या पांढऱ्या गालावर उतरलं होतं.

"काकू," फोनवरून इरावती म्हणाल्या, "तुमचं काही पुसायचं नाही, हे लक्षात आहे माझ्या. पण हा काजळाचा डाग तुमचा नाही. काढू का?"

कुमुदनं मोबाईल उन्हापासून आडोशाला धरला आणि निरखून पाहिलं. घर रिकामं होतं. दारावरचं आंब्याचं तोरण वाळलं होतं. लेक वर्ध्याला नांदत होती.

"राहू द्या, बाई," ती म्हणाली. "लेकीचा हाय तो."

त्या मऊ, मावळत्या उजेडात, त्या शुभ्र, भिजलेल्या गालावर तो काळा ठिपका तसाच राहिला. तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून आईनं लावावी तशी, या वेळी लेकीनं आईला लावलेली, इवलीशी, ओली तीट.