चालकामागची सीट

मनीची आई शहरात बस चालवायची. शाळेला सुट्टी लागली आणि दोन-तीन आठवड्यांतच सोळा वर्षांची मनी मिटत गेली. दुपारपर्यंत अंथरुणात, पडदे ओढलेले, जेवायला हाक मारली की भूक नाही. बाबांचं म्हणणं, पोर सुट्टीत नाही लोळणार तर कधी लोळणार? आईने आधी समजावलं, मग आवाज चढवला. काडीचा उपयोग झाला नाही.

शेवटी दुपारच्या पाळीला निघताना तिने मनीला सांगितलं की तू घरात एकटी असलीस की माझं रस्त्यावर लक्ष लागत नाही. उपकार कर आणि माझ्या मागच्या सीटवर येऊन बस. मनी कुरकुरत गेली. केससुद्धा विंचरले नव्हते.

बरेच दिवस ती खिडकीला डोकं टेकून नुसती बसायची. आईने काही विचारलं नाही. गप्प राहणं तिला गाडी हाकण्याहून अवघड गेलं.

एके दुपारी शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली. आईने इंजिन बंद केलं आणि काकडीचा डबा मागे सरकवला. खाता खाता मनी बोलू लागली. मैत्रिणींनी तिला वगळून नवा ग्रुप केला होता. शाळा होती तोवर निदान वेळ जायचा. आता दिवसभर तेच डोक्यात घोळायचं.

"रडूही येत नाही गं. सगळं नुसतं जड वाटतं."

आईला वळून तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण समोरासमोर नाही म्हणूनच पोरगी बोलतेय, हे तिने ओळखलं. काचेबाहेर बघतच तिने विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का, मने?"

मनीने हातातली काकडीची फोड डब्यात ठेवली. "नाही, तसं नाही. पण तू विचारलंस ते बरं झालं."

"कधी तसं वाटलं तर मला झोपेतून उठव. आणि यातल्या कुणा जाणत्याशी बोलू आपण. मी बाहेर बसेन."

आईने शोधलेल्या समुपदेशक बाईंकडे मनी पहिल्यांदा तोंड एवढंसं करून गेली. बाहेर आल्यावर म्हणाली, बाई बऱ्या आहेत, पंखा मात्र फार खडखडतो. पुढच्या आठवड्यात आपणहून तयार झाली. आईकडून सगळं कळल्यावर बाबाही वरमले. संध्याकाळी पत्त्यांचा डाव मांडू लागले आणि बिनदिक्कत लबाडी करू लागले. मनीला ती पकडताना चेव चढायचा.

पुढे बसमधलं थांबे सांगणारं यंत्र बिघडलं, तेव्हा मनीने ते काम अंगावर घेतलं. "दवाखाना आला. ज्यांना काही झालेलं नाही त्यांनी बसून राहावं," असं ती गंभीर चेहऱ्याने सांगायची आणि प्रवासी हसायचे.

मधूनच एखादा दिवस वाईट जायचा. मग ती आज नको म्हणायची. आई मानायची, फक्त खोलीचं दार लोटू नको म्हणायची.

शाळा उघडायला थोडेच दिवस उरले असताना मनीने सांगितलं की उद्या ती येणार नाही, मामेबहिणीबरोबर पोहायला जायचं ठरलंय. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या एका आजोबांनी पोरीची चौकशी केली. पोहायला गेलीय, असं सांगताना आईचा चेहरा खुलला. आजोबा तिच्या मागच्या सीटवर ऐसपैस बसले आणि आईने गाडी सुरू केली.