पद्माकरदादांनी लॅपटॉप दुरुस्त केला

सुनेत्राचा लॅपटॉप मंगळवारी बंद पडला. बटण दाबलं की पंखा घरघरायचा, निळा स्क्रीन यायचा आणि पुन्हा काळोख. तिने चार वेळा करून पाहिलं. पाचव्या वेळी निळा स्क्रीनही आला नाही.

घरात कॉम्प्युटरला तोटा नव्हता. तिचा नवरा निनाद ऑस्ट्रेलियात टूवूंबाजवळच्या एका शेतीयंत्रांच्या कंपनीत इंजिनिअर होता. त्याचे दोन लॅपटॉप होते, नऊ वर्षांच्या स्पृहाचा टॅब होता. पण सुनेत्राला हवं होतं ते या युनिव्हर्सिटीच्या दिवसांतल्या खटाऱ्यातच होतं. निनाद रोज संध्याकाळी तिचा फोन चाळायचा. मेलचा पासवर्ड त्याला ठाऊक होता. घरात एकच गाडी होती आणि तिची किल्ली त्याच्या खिशात असायची. बस तासाला एक, तीही आली तर. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तोच तिला सोडायचा, तोच आणायचा. लोक म्हणायचे, किती काळजी घेतो.

दोन वर्षांपूर्वी लॅबच्या फोनवरून तिने ब्रिस्बेनच्या एका वकीलबाईंशी बोलून घेतलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, जे घडेल ते लिहून ठेव, तारखेसकट. तेव्हापासून ती लिहीत होती. कधी दोन ओळी, कधी पानभर. कुठल्या दिवशी मैत्रिणीकडे गेली म्हणून तो आठवडाभर बोलला नाही, कुठल्या दिवशी त्याने बाहेरून दार लावून घेतलं, कुठल्या दिवशी स्पृहाच्या समोर काय बोलला. ते सगळं ‘रेसिपी’ नावाच्या फोल्डरमध्ये होतं. वकीलबाईंची भेट आता तीन आठवड्यांवर आली होती.

बुधवारी लंच ब्रेकमध्ये ती लॅपटॉप घेऊन चालत रुथवेन स्ट्रीटवरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेली. काउंटरवर लिअ‍ॅन नावाची पन्नाशीची बाई होती. तिने लॅपटॉप उघडून पाहिला आणि म्हणाली, "डिस्क जायला आलीय. डेटा बहुतेक निघेल. दहा दिवस लागतील. पासवर्ड आणि फोन नंबर लिहून दे, झालं की कॉल करते."

"तुम्ही आतलं वाचता का?"

"आम्ही फक्त फाइल उघडते का तेवढं बघतो, लव्ह. वाचायला कोणाला वेळ आहे?"

सुनेत्राने पेन हातात घेतलं. मग तिला फोन आठवला. कॉल संध्याकाळी आला तर निनाद उचलणार. आणि ही बाई कोण, कुठली. तिचं घर, तिची लाज, सगळं एका परक्या टेबलावर पडून राहणार. "विचार करून येते," म्हणून ती लॅपटॉप पिशवीत घालून परतली.

लॅबमधल्या मैत्रिणीला, कादंबरीला, तिने एवढंच सांगितलं की लॅपटॉप गेलाय, आत जुनी कागदपत्रं आहेत.

"मग पद्माकरदादांकडे दे ना. डोळे झाकून दे," कादंबरी म्हणाली. "माझ्या भावाचा, वरुणचा पूर्ण थीसिस त्यांनी परत आणला. एक फाइल गेली नाही. आणि माणूस आपला आहे, कुठे काही बोलायचा नाही."

टूवूंबात मराठी घरं वीस-बावीस. पद्माकरदादा त्यांतले सगळ्यांत जुने. युनिव्हर्सिटीत आयटी सपोर्टला होते, वीकेंडला जवळच्या हायफिल्ड्समधल्या घरी गॅरेजमध्ये लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. कोणी नवीन आलं की एअरपोर्टवर घ्यायला जायचे ते, कोणी आजारी पडलं की डबा पाठवायच्या त्यांच्या पत्नी विमलवहिनी.

शनिवारी बाजारहाटाचं निमित्त काढून कादंबरीने तिला त्यांच्याकडे नेलं. गॅरेज देवघरासारखं स्वच्छ होतं. दादांनी चष्मा कपाळावर सारून लॅपटॉप पालथा केला, स्क्रू काढले, डिस्क कानाशी धरून हलवली.

"जीव आहे अजून. नवीन डिस्क टाकतो, सगळं त्याच्यावर घेतो. पासवर्ड?"

सुनेत्राने कागदावर लिहून दिला. "दादा, निनादला सांगू नका हं. तो म्हणेल, खटाऱ्यावर कशाला खर्च करतेस."

"अगं, डॉक्टर, वकील आणि मी," दादा हसले, "आमच्याकडचं बाहेर जात नाही."

पुढच्या शनिवारी लॅपटॉप घरी आला. दादा आणि विमलवहिनी स्वतः घेऊन आले. निनादने दार उघडलं आणि तो जराही चकित झाला नाही, हे सुनेत्राच्या लक्षात आलं. स्पृहाला तिच्या मैत्रिणीकडे सोडून तो तासाभरापूर्वीच परत आला होता. का सोडलं, हे तिला आता कळलं.

चहा झाला. विमलवहिनी तिच्या शेजारी येऊन बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. दादा घसा खाकरून म्हणाले,

"सुनेत्रा, हे बघ. मी मुद्दाम काही केलं नाही. डेटा घेतल्यावर उघडतो का ते बघावंच लागतं. रेसिपी म्हटल्यावर विमल म्हणाली, हिचे अनारसे छान होतात, बघू तरी. म्हणून उघडलं."

"आणि वाचलंत."

"वाचलं. दोन रात्री झोप लागली नाही मला. मग निनादशी बोललो. आता तूच सांग, तुझा मोठा भाऊ असता तर त्याने काय केलं असतं?"

सुनेत्राने निनादकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. "माझं चुकलं असेल," तो हळू आवाजात म्हणाला. "पण तू माझ्याशी बोलायला हवं होतंस. असं चोरून लिहायचं?"

"बघ, किती समजूतदार आहे," वहिनी म्हणाल्या. "अगं, परक्या देशात घर मोडून एकटी बाई कुठे जाणार? पोरीकडे बघ."

सुनेत्राने हात सोडवून घेतला आणि लॅपटॉप उघडला. तो झरझर चालू झाला. फोटो होते, जुन्या असाइनमेंट्स होत्या. ‘रेसिपी’ नव्हतं.

"फोल्डर कुठेय?"

"ते काढून टाकलं," दादा म्हणाले. "मनातला कचरा गं तो. डोळ्यांसमोर राहिला की पुन्हा पुन्हा उगाळत बसतो माणूस."

"ते तुमचं नव्हतं, दादा."

"तुझ्याच भल्यासाठी केलं, बाळा."

पाहुणे निघाले तेव्हा निनादने खिशातून पाकीट काढलं, तर दादांनी त्याचा हात धरला. आपल्या माणसांकडून काय घ्यायचं, म्हणाले.

दार लागल्यावर निनाद स्वयंपाकघरात गेला. त्याने कप विसळून ओट्यावर पालथे घातले. मग म्हणाला, "स्पृहाचा पासपोर्ट मी ऑफिसमध्ये ठेवलाय. तुझाही."

सोमवारी लंच ब्रेकमध्ये ती लिअ‍ॅनच्या दुकानात गेली. लिअ‍ॅनने बराच प्रयत्न केला आणि मान हलवली. "नवीन डिस्कवर ते राहिलेलं नाही. जुनी असेल तर ती आण. त्यातून काढता येईल."

सुनेत्राने तिथल्या तिथे, दुकानाच्या फोनवरून, दादांना फोन लावला.

"जुनी डिस्क?" दादा म्हणाले. "तिला ड्रिलने भोकं पाडली. नेहमीच पाडतो. लोकांची खासगी माहिती असते, कोणाच्या हाती लागायला नको." त्यांच्या आवाजात खरोखरच अभिमान होता.

तिने फोन ठेवला. लिअ‍ॅनला मराठी कळत नव्हतं, पण तिने काही न विचारता खुर्ची पुढे केली. सुनेत्रा त्या खुर्चीत बसून रडली, लंच ब्रेक संपून गेल्यावरही.

वकीलबाईंच्या भेटीच्या दिवशी ती आजारी असल्याचं सांगून लॅबमधून निघाली आणि कोच बसने ब्रिस्बेनला गेली. आदल्या दहा दिवसांत तिने लॅबच्या कागदांवर पुन्हा लिहून काढायचा प्रयत्न केला होता. घटना आठवत होत्या; त्या तिच्या अंगावरच लिहिलेल्या होत्या. तारखा आठवत नव्हत्या. दार कधी लावून घेतलं होतं? हिवाळ्यात, एवढं नक्की. जून की ऑगस्ट? या वर्षी की मागच्या? वकीलबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी तुझ्यावर विश्वास ठेवते. पण समोरच्या बाजूचे वकील प्रत्येक ओळीला ‘कधी?’ म्हणून विचारतील."

पुढे प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा निनादच्या वकिलांनी तसंच विचारलं. शिवाय पद्माकरदादांनी निनादच्या बाजूने पत्र दिलं: कुटुंब अनेक वर्षं ओळखीचं, पती शांत आणि जबाबदार, पत्नी अलीकडे मनाने थकलेली. इंग्रजी सुंदर होतं. खोटं असं त्यांना त्यात काही वाटलं नसणार.

त्या भेटीनंतर घर सोडायला तिला अकरा महिने लागले. आता ती ब्रिस्बेनमध्ये एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहते, तिथल्याच एका लॅबमध्ये काम करते. कोर्टाने ठरवल्याप्रमाणे स्पृहा शाळेसाठी टूवूंबात, निनादकडे राहते आणि दर दुसऱ्या शुक्रवारी आईकडे येते. अर्ध्या वाटेवरच्या गॅटनला, पेट्रोल पंपावर, ती निनादच्या गाडीतून आईच्या गाडीत येते. सुनेत्राने सेकंडहँड गाडी घेतली आहे, लायसन्सही काढलं.

गेल्या शुक्रवारी स्पृहा सीटबेल्ट लावता लावता म्हणाली, "Aai, Dad says you left because you were sick. Are you better now?"

"मी आजारी नव्हते गं."

"Then why?"

सुनेत्राने तोंड उघडलं. सांगण्यासारखं खूप होतं. मागे रांगेतल्या पिकअपवाल्याने हॉर्न दिला, तशी तिने गाडी काढली आणि हायवेला लागली. स्पृहा थोडा वेळ वाट पाहत राहिली, मग तिने हेडफोन लावले.