सोनेरी सभासदाचा आवाज

बाबांनी हयातभर कारखान्यांना व्हॉल्व्ह विकले आणि विमान कंपनीचे मैल जमवले, साठले की फुकट तिकीट देणारे. सरळ जाणारं विमान दिसलं की त्यांच्या पोटात दुखायचं. दोन ठिकाणी उतरत जाणाऱ्याला मैल जास्त. धाकटी जन्मली तेव्हा ते कुठल्याशा विमानतळावर बसून होते. पण त्या फेरीने सोनेरी कार्ड मिळालं, त्यामुळे तक्रारीला जागा उरली नाही. "निवृत्त झालो की हिला घेऊन निघतो," असं ते आईकडे बोट दाखवून सांगत. निवृत्तीनंतर तिसऱ्या आठवड्यात ते एकटेच गेले.

मुलाने बँकेला कळवलं, वीज कंपनीला कळवलं, अगदी चष्म्याच्या दुकानालाही कळवलं. विमान कंपनीला मात्र नाही. नियम स्पष्ट होता : सभासद गेला की त्याचे मैलही गेले. शिवाय दीड वर्ष खातं हललं नाही तर जिवंत माणसाचेही जातात, आणि ती मुदत शुक्रवारी संपत होती. धाकटी आता समुद्रापलीकडे राहायची. आईने तिला आठ वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि तिकडचं तिकीट काढणं मुलाच्या आवाक्यातलं नव्हतं.

दुपारी तो हॉलमध्ये फोन घेऊन बसला. आधी बाबांसारखा दोनदा खाकरला, मग छातीतून आवाज काढला.

"हं, बोला. सोनेरी सभासद बोलतोय."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"सर! किती दिवसांनी!" पलीकडची मुलगी म्हणाली. "कुठे होतात?"

"जरा लांब गेलो होतो."

"आमच्याच विमानाने ना?"

"नाही, या वेळी दुसऱ्यांनी नेलं."

"अरेरे, मग तेवढे मैल बुडाले की, सर."

ती मनापासून हळहळली. पाच मिनिटांत आईच्या नावाचं तिकीट निघालं. खात्यात चाळीस मैल उरले.

फोन ठेवून तो वळला. आई दारात उभी होती, हात ओलेच.

"आलात?"

"आई, मी आहे."

"माहितेय रे, मला काय वेड लागलंय?" ती समोरच्या खुर्चीत बसली. "पण ते खाकरणं अगदी तस्संच. परत कधी करणार फोन?"

"आता कशाला? मैल संपले. पुढच्या महिन्यात तू धाकटीकडे चाललीस."

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे आता हे बोलणार नाहीत."

"आई, ती आठ वर्षं वाट बघतेय."

"बघेल अजून. आपल्या घरात सगळ्यांना सवय आहे." तिने पदराला हात पुसले. "तिकीट रद्द केलं तर मैल परत येतात?"

"येतात. सोनेरी सभासदाचे कापतही नाहीत."

"मग परत काढता येईल. परत रद्दही करता येईल. आणि रद्द करायचं तर फोन कुणी करायचा असतो?"

उत्तर त्याला ठाऊक होतं, म्हणूनच ते द्यावंसं वाटेना.

"सभासदाने."

"मग कर की."

धाकटीला काय सांगायचं, हे त्याला विचारायचं होतं. पण आईने खुर्ची जवळ ओढली होती आणि ती ताठ बसली होती, विमानातल्यासारखी. त्याने नंबर लावला, खाकरला.

"हं, बोला."

पलीकडून कुणी बोलायच्या आत आईने डोळे मिटून विचारलं, "जेवलात का?"

फोनमध्ये ती मुलगी "सर? सर?" करत होती.

"हो," तो बाबांच्या आवाजात आईला म्हणाला. "तू?"