परिच्छेद कापणारी कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. जवळ या, पण पात्यांना हात लावू नका. ती अजूनही जराशी चिकट आहेत, आणि मला माझीच किळस येते.

लोहाराने मला कापडासाठी घडवले. निबंधलेखन शिकवणाऱ्या एका बाईंनी मला विद्यापीठात कागदासाठी नेले. पहिल्या वर्षाची मुले तिथे परक्या भाषेत निबंध लिहीत. घरच्या बोलण्यासारखे आजूबाजूचे सगळे सांगून मुद्द्यावर अगदी शेवटी येत. बाई रागावत नसत. परिच्छेद माझ्याकडून कापून घेत, पट्ट्या टेबलावर पसरत आणि म्हणत, "हं, लाव पत्ते. तुझं हुकमाचं पान कुठलं?" मूल तळाची पट्टी उचलून वर ठेवी. मग बाकीच्यांनाही जागा सापडे. संध्याकाळी बाई मला तेलाच्या चिंधीने पुसत.

बाई गेल्या. त्यांच्या खोलीत नवे सर आले, आणि छापील साचे आले: पाच रकाने, प्रत्येकाची सुरुवात तयार. "डोकं चालवू नका, रकाने भरा," सर सांगत. मी साच्यांच्या खोक्यांवरची चिकटपट्टी कापू लागले. माझ्या पात्यांवरच्या डिंकावर धूळ बसली, केस बसले, एक मेलेली माशीसुद्धा. पण खरी शिसारी आली ती निबंधांची. विषय धरण असो की तुरुंग, एकाच उष्ट्या चमच्याने सगळ्यांना भरवल्यासारखे.

एका दुपारी बाईंची लेक आईचे सामान न्यायला आली. मला उचलताच तिचे तोंड वाकडे झाले. "शी. आईची कात्री, आणि ही दशा?"

दारात एक विद्यार्थिनी उभी होती, हातात निबंधाचे कागद, डोळे सुजलेले.

"ताई, सर आहेत? माझा धरणावरचा निबंध मैत्रिणीच्या निबंधासारखाच निघालाय. उद्या नवा दिला नाही तर नापास."

"नक्कल केलीस?"

"नाही हो. दोघींनी रकाने भरले."

लेकीने खण चाचपला. आईची चिंधी तिथेच होती. ती तिने थोडा वेळ नुसती हातात धरली. मग माझी पाती घासली, माशी खरवडून काढली आणि मला पुढे केले.

"काप. साच्यातलं सगळं टोपलीत."

टोपली भरली. टेबलावर एकच पट्टी उरली. मोडक्यातोडक्या परक्या भाषेत लिहिले होते: माझी आजी धरण बांधायला गेली, त्याच धरणात तिचे घर बुडाले.

"एवढंच उरलं," मुलगी रडवेली झाली.

"हेच हुकमाचं पान. वर ठेव. आता याच्याखाली काय येतं?"

मुलीने कोरा कागद ओढला आणि लिहून पट्ट्या कापू लागली. उन्हे उतरेपर्यंत टेबल पट्ट्यांनी भरले. एकही पट्टी दुसऱ्या कुणाची नव्हती.

जाताना लेकीने चिंधी पर्समध्ये ठेवली आणि मला मुलीच्या हातात दिले. "पुसत जा," एवढेच म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझे तेवढेच मागणे आहे.