पुसलं जाईल का?

डोंबिवली पूर्वेला ज्यांनी कधी गाणं शिकायचा नाद केला, त्यांना मंदाकिनीबाई सोमण माहीत नाहीत असं व्हायचं नाही. क्लासात कोणाचा सूर चुकला तर बाई ओरडत नसत. पेटीवरचा हात थांबवत आणि चष्म्यावरून बघत. त्या बघण्याने काहींचं गाणं सुधारलं आणि बऱ्याच जणांचं सुटलं. बाई स्वतः चुकलेल्या मात्र कोणी पाहिल्या नव्हत्या. 'बाई चुकत नाहीत' असं पालक एकमेकांना सांगत. बाईंच्या ते कानावर येई आणि, खोटं कशाला बोला, आवडेही.

सत्त्याण्णव साली बाईंच्या घरी रोज पाच-सहा फोन यायला लागले आणि त्यातला एकही गाण्याच्या शिकवणीसाठी नसे. बाईंचा भाचा आनंद ठाण्याला वाद्यांच्या दुकानात कामाला होता. पेट्या आणि कीबोर्ड विकता विकता मालकांनी कॉम्प्युटरवर गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर विकायला घेतलं आणि इंग्रजी बरं म्हणून आनंदला त्यावर बसवलं. आनंदच्या घरी अजून फोन लागायचा होता. त्याने गिऱ्हाइकांना आत्याचा नंबर पी.पी. म्हणून, म्हणजे निरोपापुरता, देऊन टाकला आणि आत्याला विचारलं सावकाश, आठवड्याने.

फोन करणारे नाना तऱ्हेचे. खडवलीचं भजनी मंडळ, ऑर्केस्ट्रावाले, बालगीतांची कॅसेट काढायला निघालेले एक निवृत्त मुख्याध्यापक. प्रश्न मात्र फिरून फिरून एकच. एकदा रेकॉर्ड केलंय, आता रेकॉर्डिंगचं लाल बटण परत दाबलं तर आधीचं पुसलं जाईल का? ही सगळी मंडळी टेपरेकॉर्डरवर वाढलेली. कोणाच्या आजोबांच्या कीर्तनावर क्रिकेटची कॉमेंट्री चढलेली, कोणाच्या मुलाच्या बोबड्या बोलांवर जाहिराती. ती धास्ती त्यांच्या बोटांत मुरली होती. कॉम्प्युटर हजार गोष्टी करतो हे ऐकून त्यांनी तो आणला, आणि त्याच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसले.

बाई रोज संध्याकाळी निरोप सांगत. आनंद हसे. "आत्या, हे अगदी बालवाडीतलं आहे गं. कळेल त्यांचं त्यांना."

पण त्यांचं त्यांना कळेना, आणि फोन दुकानातही वाजायला लागले तेव्हा मालक वैतागले. शिकवणारी एक व्हिडिओ कॅसेट काढ, अर्ध्या तासाची, प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट देऊ, असं त्यांनी आनंदला सांगितलं. तिने फोन थांबले तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर हे प्रकरण बंद आणि तू परत पेट्यांच्या काउंटरवर.

अर्ध्या तासात काय काय शिकवायचं हे आनंदने एका झटक्यात ठरवलं. एको कसा घालायचा, मागची खरखर कशी काढायची, आणि सगळ्यात शेवटी दोन आवाज एकत्र कसे मिसळायचे. त्याला जे जे करताना मजा यायची ते सगळं त्यात होतं. समजावून सांगायला त्याने आत्यालाच गळ घातली. वाणी स्वच्छ आणि अर्ध्या डोंबिवलीला तोंडओळख. "तू सांगितलंस की लोक निमूट ऐकतात," तो म्हणाला. त्याने एक कॉम्प्युटर आणून बाहेरच्या खोलीत मांडला, आणि बाईंनी त्यावर क्रोशाचा रुमाल घातला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी बाईंनी कोणालाच सांगितली नव्हती. त्यांनी आनंदने लिहून दिलेलं सगळं तोंडपाठ केलं. कुठे काय आहे ते डोळे मिटून सांगत. पण पहिल्या दिवशी एक सरगम रेकॉर्ड केल्यावर त्यांनी लाल बटणाला पुन्हा बोट लावलं नव्हतं. सरगम बरी आली होती, ती पुसली गेली तर? फोनवर लोक तोच प्रश्न विचारत तेव्हा बाई "निरोप देते हं" म्हणत आणि रिसीव्हर ठेवून देत. आनंदने विचारावं, "आत्या, जमतंय ना?" की यांचं उत्तर ठरलेलं, "न जमायला काय झालं?"

शूटिंग रविवारी ठरलं. दाखवायला खरंखुरं रेकॉर्डिंग हवं म्हणून आनंदने बाळकुमच्या चंदू कोळ्याला बोलावलं. चंदूची बँजो पार्टी होती, हळदीला आणि गणपतीला वाजवायची. सगळ्यांत आधी सॉफ्टवेअर घेणाऱ्यांत तो होता. मे महिन्यात पुतण्याच्या लग्नात त्याने कॉम्प्युटर थेट मांडवात नेऊन ठेवला होता आणि आपल्या ठमाकाकीचे धवले रेकॉर्ड केले होते. ठमाबाई म्हणजे तिथली धवलारीण, लग्नविधीची गाणी म्हणायला पंचक्रोशीतून तिलाच बोलावणं. लग्न नसताना धवला तोंडातून काढायचा नाही असा तिचा नेम होता, तेव्हा परत म्हण असं तिला सांगायची सोय नव्हती. चंदूने सीपीयू गोधडीत गुंडाळला आणि बँजो पार्टीच्या टेम्पोत मांडीवर धरून शीळफाट्यावरून डोंबिवलीला आणला. खड्डा आला की तो ड्रायव्हरला शिव्या घालत होता, असं ड्रायव्हरनेच जिना चढताना सांगितलं.

बाईंनी मोरपंखी साडी नेसली होती. आनंद उसन्या कॅमेऱ्यामागे. पडद्यावर बाहेरचा उजेड चकाकत होता म्हणून खिडक्या लावून घेतल्या, आणि बाईंचे यजमान प्रभाकरपंत टेबललॅम्प हातात धरून उभे राहिले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे घरातली बिनबोलायची सगळी कामं असत.

एको झाला, खरखर झाली. बाई झकास बोलत होत्या. मग आवाज मिसळायचा धडा आला. पडद्यावर ठमाबाईंच्या धवल्याच्या आवाजाची दातेरी रेघ दिसत होती. तिच्याखालची ओळ निवडायची, लाल बटण दाबायचं आणि त्या ओळीत आपला आवाज भरायचा. लाल बटण परत दाबायची वेळ आज टळणारी नव्हती. बाईंनी ते दाबलं आणि कॅमेऱ्याकडे बघून ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "आपण अजिबात न चुकता दुसरी ओळ निवडलेली आहे. आता काकींचा आवाज ऐकू या."

त्यांनी रेकॉर्डिंग थांबवून पहिल्यापासून लावलं. स्पीकरमधून आवाज आला तो बाईंचाच. "आपण अजिबात न चुकता दुसरी ओळ निवडलेली आहे."

काकींचा पत्ता नव्हता. बाईंनी दुसरी ओळ निवडलीच नव्हती आणि त्यांचं वाक्य धवल्याच्या डोक्यावर जाऊन बसलं होतं. चंदू खुर्चीवरून उठला आणि परत बसला. बाईंचे कान तापले. चटका बसावा तसा त्यांनी माउसवरचा हात काढून घेतला. परक्या बाईचा, परत न मिळणारा आवाज आपण पुसला, तोही कॅमेऱ्यासमोर, न चुकता.

"आत्या, घाबरू नकोस," आनंद कॅमेऱ्यामागून म्हणाला. "वर एडिटमध्ये जा. पहिलंच नाव आहे बघ, अनडू. ते दाब."

बाईंनी दाबलं. रेघ पुन्हा पहिल्यासारखी झाली, आणि लावून पाहिल्यावर मांडवातल्या कलकलाटासकट ठमाबाईंचा खडा आवाज खोलीभर झाला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"टेप मागे घेतो," आनंद म्हणाला. "एवढा भाग काढून परत घेऊ. पाच मिनिटांचं काम."

"आधी ते पूस," बाई म्हणाल्या. शनिवारची बॅच, त्यांचे पालक, शेजारच्या प्रमोदिनीबाई, सगळे चेहरे त्यांच्यासमोर येऊन गेले. तीस वर्षं सांभाळलेलं नाव असं अर्ध्या मिनिटात फुकटच्या कॅसेटवर वाटायचं, हे काही त्यांना झेपणारं नव्हतं.

चंदू मात्र पडद्याला नाक लावून उभा होता. "बाई, परत एकदा दावा ना. कसा आनला तो?"

बाईंनी दाखवलं. मग चंदूने स्वतः धवल्यावर खोकून रेकॉर्ड केलं, अनडू दाबलं, काकी परत आली. पुन्हा खोकला, पुन्हा काकी. मोठा माणूस लहान पोरासारखा हसायला लागला.

"मी लग्नापासून हात नाय लावला याला," तो म्हणाला. "काकीचा आवाज गेला असता तर तिनं मना उंबऱ्यावर उभा केला नसता. तुमाला चार येला फोन केला मी. घरची बोलतान, डबा आनलास आन् पूजा करतंय त्याची."

बाई एकदम म्हणाल्या, "मीसुद्धा नाही लावला रे. महिनाभर."

"आत्या?" आनंदने कॅमेऱ्यातून डोकं वर काढलं. "मग रोज बसून करत काय होतीस?"

"पाठ करत होते." हे बोलताना बाईंना लाज वाटली आणि बोलून झाल्यावर हलकं वाटलं. "तो भाग पुसलास?"

"नाही अजून."

"नको पुसूस. तोच पहिला लाव. मी चुकलेय, मग घाबरलेय, मग परत आणलंय, सगळं तसंच."

"लोक हसतील गं. आणि एको?"

"उरलेल्या वेळात बसव. ज्याला बटण दाबायचीच भीती वाटते, तो एको घालणार कशावर?" त्यांनी पदर सारखा केला. "आणि हसतील तर हसू देत."

हे बोलायला सोपं होतं. कॅसेट वाटली गेल्यावर बाई चार दिवस भाजीला गेल्या नाहीत. पाचव्या दिवशी गेल्या तर फडके रोडवर एका जुन्या विद्यार्थिनीने नमस्कार करून, "बाई, अनडू फार आवडलं हो," असं म्हटलंच. ती थट्टा होती की कौतुक, हे बाईंना घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही. फोन मात्र बदलले. खडवलीचं भजनी मंडळ आता विचारत होतं, टाळ जरा मागे न्यायचे तर काय करायचं. मुख्याध्यापकांना एको हवा होता, देवळातल्यासारखा. आनंदच्या मालकांनी दिवाळीचं नाव काढणं सोडलं. शनिवारच्या बॅचची एकही मुलगी गळली नाही, उलट दोघी नव्या आल्या, आणि त्यातली एक चक्क पन्नाशीची होती.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सकाळी बाई देवपूजेची फुलं काढत होत्या. बाथरूमच्या आरशासमोर प्रभाकरपंत दाढी करत होते. तिथून गाण्याचा आवाज आला. बाईंना आधी वाटलं, शेजारचा रेडिओ. मग लक्षात आलं, प्रभाकरपंत गातायत. जुनं नाट्यपद, बेताच्या आवाजात, पण अगदी मन लावून. मध्यम, म्हणजे म, जागेवर न लागता जरा उतरत होता. बाई दारात जाऊन उभ्या राहिल्या.

आरशात त्या दिसल्या तसे प्रभाकरपंत थांबले. गालाला फेस तसाच.

"थांबलात का?"

"मध्यम उतरतो माझा."

"तुम्हाला काय कळतंय मध्यमातलं?" बाईंना हसू आलं.

"तूच सांगितलं होतंस," ते म्हणाले. "लग्न झालं त्या वर्षी. ऑफिसच्या गणपतीत दर वर्षी गायचो मी. तुला ऐकवायला म्हणून घरी म्हटलं, तर तू म्हणालीस, मध्यम उतरतोय. मग म्हटलं, आपल्या घरात एक गाणारं माणूस आहे, पुरे." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी रेझर पाण्यात बुडवला.

बाईंना असं काही बोलल्याचं आठवेना. खूप आठवून पाहिलं, तरी नाही. बोलल्या असणार, चष्म्यावरून बघत, आणि पुढच्या क्षणी विसरून गेल्या असणार. इतकी वर्षं हा माणूस घरातल्या घरात गप्प होता आणि आपण त्याला अबोल स्वभाव म्हणत होतो. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पहिल्यापासून म्हणा," त्या म्हणाल्या.

"आता? फेस वाळतोय."

"वाळू दे."

प्रभाकरपंतांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मध्यम उतरलाच. बाई चौकटीला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या, आणि दुसरं कडवं आलं तेव्हा त्यांनी त्याच उतरलेल्या मध्यमात आपला आवाज मिसळला.