मापं द्वारकाबाईंची

"बिर्याणी?" पद्मजा फोनवर लेकीवर अशी किंचाळली की माझ्या बशीतला चहा सांडला. "माझ्या 'पंगत'मध्ये बिर्याणी?"

'पंगत' हे माझ्या बायकोचं शेंडेफळ. किती पानांना किती तांदूळ, किती तूप, किती मीठ, हे सांगणारा प्रोग्रॅम. ती कामोठ्याच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते आणि मी नुसता जेवतो, तेव्हा जास्त खोलात मला विचारू नका. इंटरनेटवरून कुणाचा तरी मोकळा प्रोग्रॅम घेऊन तिने त्यात आपल्या आईची, द्वारकाबाईंची मापं भरली. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. आमच्या ऋचाच्या मैत्रिणीने, फरहाने 'पंगत' मागितली, तेव्हा हिने हौसेने सीडी दिली. फरहाची आई फहमिदा पनवेलात लग्नाची जेवणं करते, हे हिच्या ध्यानातच आलं नाही.

"ऋचा, आत्ताच्या आत्ता अट घाल. फक्त शाकाहारासाठी!"

"नाही घालता येत, आई." कन्या इंजिनीअरिंगला, त्यामुळे आवाज वकिलाचा. "आपण ज्यावर बांधलंय त्याच्या लायसन्समध्येच आहे. वापरणाऱ्याला बंधन नाही. कोंबडी शिजवा, धंदा करा. पुढे कुणाला दिलंत तर मात्र आतला कोडही द्यायचा, त्यालाही हीच मोकळीक द्यायची, आणि मूळ नाव पुसायचं नाही."

"अगं, आईचं एवढंच उरलंय माझ्याकडे! ते बोकडाशेजारी?"

"आजीने कधी कुणाला पानावरून उठवलं होतं?"

पद्मजाने फोन ठेवला. पण विनंती करायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही, असं म्हणत रविवारी मला घेऊन फहमिदाचं काम असलेल्या पनवेलच्या लग्नाच्या हॉलवर थडकली. आईची मापं तेवढी काढून टाका, एवढंच सांगायचं होतं.

"या ताई, या! अगदी वक्तावर आलात," म्हणत फहमिदाने तिच्या हातात मसालेभाताची ताटलीच दिली. "दुल्ह्याच्या ऑफिसचे चारशे लोक शाकाहारी. सगळं तुमच्याच मापाने केलंय. दुबईच्या बहिणीला पण दिला मी प्रोग्रॅम, कोडसकट."

पद्मजाने एक घास घेतला. मग दुसरा. तिसऱ्याला डोळे भरून आले.

"अहो, आईचाच आहे हो!"

तांदळाच्या पोत्यांशेजारी लॅपटॉप उघडा होता. बिर्याणी, दालचा, शीरखुर्मा, खाली फरहाचं नाव. आणि सगळ्यांच्या वर, जसंच्या तसं: मूळ मापं, द्वारकाबाई.

"पुसायचं नसतं ना," फहमिदा म्हणाली. "आमची फरहा ओरडते. आणि पुसू तरी कशाला?"

मापं काढा, हे सांगायचं राहूनच गेलं. मला इतका आनंद झाला की मी सरळ बिर्याणीकडे वळलो. माझ्यावर कसलीच अट नव्हती.

परत येऊन बघतो तर बाईसाहेब पदर खोचून पंगतीत. सासूबाईंनी जन्मात चाळीस पानांच्या वर रांधलं नव्हतं. त्यांची लेक चारशे पानांमधून भाताचं भांडं घेऊन फिरत होती, आणि प्रत्येकाला सांगत होती, "घ्या ना अजून. माझ्या आईचा आहे."